सात एकर रान : शास्त्री खोऱ्यातल्या एका खासगी जंगलखरेदीचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन फार थोडी आहे. डोंगरउतारावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक लोकांच्या मालकीचं. सातबाऱ्यावर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, म्हणून नोंदलेलं, तीन-चार पिढ्यांच्या नावांवर विखुरलेलं आणि झाडं जरा जाड झाली की ठेकेदाराला तोडीला दिलं जाणारं. कोकणातलं एखादं जंगल राहणार की जाणार, हे त्यामुळे पुष्कळदा एखाद्या घराच्या ओटीवर ठरतं.

संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यात दोन बहिणींनी असं सात एकर रान विकत घेतलं. थोरली निवृत्त शिक्षिका, धाकटी पुण्यात परिचारिका. झाडांच्या पाहणीसाठी मी खरेदीआधीपासून त्यांच्याबरोबर होतो आणि पुढेही जात राहिलो. त्यांची, वाडीची आणि व्यवहारातल्या इतरांची नावं मी दिलेली नाहीत. पण घडलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण जंगल घ्यायला निघालेला माणूस सहसा कागद बघतो आणि झाडं बघतो. त्या रानावर आधीपासून कोण कोण जगतंय, हे तो बघत नाही. या प्रकरणात प्रत्येक गाठ तिथेच पडली होती आणि सुटलीही तिथेच.

काय हवं होतं

बहिणींची मागणी साधी होती. चालायला, बसायला, पाखरं बघायला जागा हवी, भाचरांना चार रात्री मोकळ्यावर झोपता यावं, आणि आपण तिथे नसताना जनावरांनी निर्धास्त राहावं. उत्पन्न नको होतं. थोरलीने पहिल्याच भेटीत सांगितलं, “आम्हाला बाग लावायची नाही. आहे ते रान आहे तसंच हवंय.”

ही मागणी दलालांच्या पचनी पडली नाही. त्यांनी दाखवलेल्या बहुतेक जमिनी जेसीबी लावून टप्पे पाडलेल्या होत्या, काजू-कलमांसाठी तयार. जिथे झाडं उभी होती तिथे “काळजी नको, साफ करून देतो” असा शब्द मिळायचा. शेवटी पसंत पडलेली जागा दलालांच्या यादीत खालच्या क्रमांकाला होती. गाडीरस्ता नाही, वाडीपासून पाखाडी चढून जायचं, अर्धा भाग उताराचा. रस्ता नसणं हा विकणाऱ्याच्या दृष्टीने दोष असला तरी रानाच्या दृष्टीने ते संरक्षण आहे. जिथे ट्रक पोचत नाही तिथली तोड महाग पडते. अट एकच, पायवाटेची वहिवाट पक्की हवी. ती वाट दोन शेजाऱ्यांच्या जमिनीतून जात होती, म्हणून दोघांकडून वहिवाटीचा लेखी हक्क खरेदीच्या वेळीच नोंदवून घेतला. नंतर बघू म्हणून ही गोष्ट कधीही सोडू नये.

मी त्यांना जागा दोनदा बघायला लावली, भाद्रपदात आणि शिमग्याच्या सुमारास. पावसात सगळंच हिरवं असतं, रानमोडीचं तणसुद्धा. फाल्गुनात खरं चित्र दिसतं. पाणी कुठे टिकलंय, वणवा कुठून कुठवर येतो, कुठल्या खोडांची साल जळून काळी झालीय, गुरं कुठून शिरतात.

दिसलं ते असं. खालच्या अर्ध्या भागात ऐन, किंजळ, नाणा, कुंभा यांचं बऱ्या वयाचं रान, त्यात अधूनमधून जुने आंबे आणि जांभळं. मधून एक पऱ्या (ओढा) उतरतो, त्याच्या काठाला उंबर आणि पायर. वरचा साधारण तिसरा हिस्सा काही वर्षांपूर्वी तोडलेला. तिथे बुंध्यांना फुटलेले झुपके आणि त्यांच्या डोक्यावरून गेलेली रानमोडी. अगदी माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, पावसाळ्यानंतर नुसतं गवत. आणि पऱ्याच्या उगमाशी, झऱ्यात बसवलेला एक काळा पाइप, दगडांवरून खाली वाडीकडे गेलेला.

कागद

पहिला प्रश्न बहिणी शेतकरी आहेत का, हा होता. कुळवहिवाट कायदा १९४८ च्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वडिलांच्या साताऱ्याकडच्या जमिनीवर दोघींची वारस म्हणून नोंद होती, म्हणून हा प्रश्न अर्ध्या तासात मिटला. भावाच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या झालेल्या कितीतरी लेकी मला माहीत आहेत. त्या सहीबरोबर वडिलांच्या जमिनीतला हिस्सा जातोच, शिवाय उद्या स्वतःच्या पैशाने चार गुंठे शेतजमीन घेण्याची वाटही अवघड होऊन बसते. मला ही गोष्ट फार लागते.

दुसरा प्रश्न खासगी वनाचा. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा ३० ऑगस्ट १९७५ ला अमलात आला आणि त्याच्या व्याख्येत बसणारी खासगी जंगलं सरकारजमा झाली. एकूण धारणा १२ हेक्टरांच्या आत असलेल्या मालकांना जमीन परत मिळण्याची तरतूद पुढे कलम २२-अ ने आली. पण कित्येक सातबाऱ्यांवर इतर हक्कांच्या रकान्यात या कायद्याचा शेरा अजून आहे, आणि कुठे कुठे शेरा नसूनही वनखात्याच्या जुन्या यादीत गट नंबर आहे. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली नुसती नोटीस निघाली एवढ्यावरून जमीन सरकारजमा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात सांगितलं. तरीही अशा जमिनीचा नवा मालक होऊन कोर्टाची पायरी चढण्यात शहाणपण नाही. या जमिनीचे जुने फेरफार काढले, तलाठी आणि वनक्षेत्रपाल दोन्हीकडे चौकशी केली, शेरा नव्हता.

तिसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ धरायला सांगितला, मालकी कुणाचीही असो. म्हणजे घनदाट झाडी असलेली खासगी जमीनही वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तिथे वनेतर काम करायला केंद्राची मंजुरी लागू शकते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा वाद पुन्हा न्यायालयात गेला आहे. रिसॉर्ट बांधायला निघालेल्याला हा धोका वाटेल. बहिणींना तो दिलासा वाटला.

सातबारा सामाईक होता. अकरा नावं, त्यांतली सहा मुंबईची, एक मयत आणि वारसनोंद न झालेली. अशा वेळी दलाल सुचवतो, “गावातल्यांचा हिस्सा घ्या, बाकीचे येतील मागून.” अविभक्त हिस्सा घेतला की उद्या त्याच रानात दुसरा सहहिस्सेदार कुऱ्हाड घेऊन उभा राहू शकतो, आणि त्याला अडवणं कठीण. शेतीत हे एकवेळ निभावतं, जंगलात नाही, कारण झाड एकदाच तुटतं. वारसनोंद होईपर्यंत थांबायचं आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं. यात जवळजवळ एक वर्ष गेलं.

झाडं आधीच विकली होती

याच वर्षात ती बातमी कळली, आणि ती कुठल्या कचेरीत नाही, तर वाडीतल्या एका आजींकडून कळली. पाखाडीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “तुम्ही जमीन घेताव, पण झाडा तर त्या ठेकेदाराची ना?”

गावातल्या तिघा सहहिस्सेदारांनी एका ठेकेदाराकडून विसार घेऊन खालच्या भागातली उभी झाडं त्याला विकली होती. साधा स्टँपपेपर, तिघांच्या सह्या, ठेकेदाराची सही. वकिलाच्या शोध अहवालात याचा मागमूस नव्हता, आणि त्यात वकिलाची काही चूक नव्हती. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार तोडीसाठी उभं असलेलं इमारती लाकूड स्थावर मालमत्तेत मोडत नाही. त्याची विक्री नोंदवावी लागत नाही, नोंदणी कार्यालयाच्या सूची दोनमध्ये ती येत नाही. खरेदीखतात ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ असं कितीही ठसठशीत लिहिलं, तरी आधीच विकलेल्या झाडांचा वाद त्याने टळत नाही. जंगल घेणाऱ्याने म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावीच, पण तिच्या आधी वाडीत चार घरी बसून सरळ विचारावं की इथली झाडं कुणी कुणाला दिली आहेत का.

आता तीन वाटा होत्या. सोडून द्यावं. किंवा ठेकेदाराला तोडू द्यावं, जमीन स्वस्तात घ्यावी आणि पंचवीस वर्षं पुन्हा वाढू द्यावी. धाकटीला हे पटत होतं, आणि हिशोबाने बघितलं तर त्यात चूकही नव्हतं, कारण ऐन-किंजळीचं रान बुंध्यापासून पुन्हा उभं राहतं. तिसरी वाट म्हणजे ठेकेदाराचे पैसे परत करून करार रद्द करणं.

माझं मत तिसऱ्या वाटेचं होतं आणि त्याचं कारण झाडांच्या यादीत होतं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत. साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, मोह, चंदन वगैरे. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पण त्या यादीत बेहडा नाही, उंबर नाही, पायर नाही, सातवीण नाही, सावर नाही. लाकडाच्या बाजारात या सगळ्याची किंमत आडजात म्हणून, म्हणजे जळण, पेट्या आणि कोळशाची. रानातल्या पाखरांच्या दृष्टीने मात्र हीच झाडं आधाराची. वर्षभर आलटून पालटून फळणारे उंबर-पायर धनेश पक्ष्यापासून उदमांजरापर्यंत सगळ्यांना पोसतात, आणि म्हाताऱ्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो. म्हणजे कायदा जे राखतो ते बुंध्यातून परत येईल, आणि कायदा ज्याकडे बघत नाही ते एकदा गेलं की त्याला तशी ढोली पडायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

ठेकेदार समजूतदार निघाला असं म्हणणं पूर्ण खरं होणार नाही. त्याला विसाराच्या वर नफ्याचा वाटा हवा होता. त्याला नमवलं ते वाडीने. तो काळा पाइप हे त्याचं कारण. कोकणातल्या अनेक वाड्यांसारखी ही वाडीसुद्धा डोंगरातल्या झऱ्याचं पाणी सायफनने आणून पिते. वरचा हिस्सा तुटल्यापासून झरा चैत्रातच बारीक होतो, असं बायकांचं म्हणणं होतं. खालचं रान तुटलं तर पऱ्या कोरडा पडेल आणि मातीने पाइप भरेल, ही भीती त्यांना होती. पण मालक गावचेच, विरोध कसा करणार? बहिणींनी बैठकीत सांगितलं, आम्ही मालक झालो तर पाइप जिथे आहे तिथेच राहील आणि ते कागदावर लिहून देऊ. त्या दिवसापासून ठेकेदाराला लाकूड उतरवायला मजूर मिळेनात.

शेवटी त्रिपक्षीय रद्दलेख झाला. विसाराची रक्कम आणि थोडा मोबदला त्या तिघांच्या हिश्शातून वळता झाला, आणि मगच खरेदीखत झालं. पाण्याचा हक्क वाडीच्या नावे वेगळ्या दस्ताने नोंदवला.

मोजणी आणि बेहडा

भूमी अभिलेखची मोजणी खरेदीआधी करून घेतली होती, हद्दीचे दगड बसले होते. त्यात एक कटू गोष्ट निघाली. ज्या बेहड्यावर आमचा सगळा जीव होता, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर ढोली असलेला तो जुना वृक्ष, हद्दीच्या पलीकडे आठ पावलांवर शेजाऱ्याच्या जमिनीत भरला.

धाकटी म्हणाली, “ताई, ज्याच्यासाठी एवढं केलं तेच आपलं नाही.”

शेजाऱ्याची पट्टी विकत मागितली, तो विकेना. झाड नको पण जमीन वाडवडिलांची आहे, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. मग करार झाला. बेहडा आणि त्याच्या आसपासची ठरलेली झाडं पाच वर्षं तोडायची नाहीत, फळं शेजाऱ्याची, आणि दर वर्षी पावसाच्या तोंडावर ठरलेली रक्कम द्यायची. वेळ मुद्दाम तीच निवडली, कारण बी-बियाणं आणि पोरांच्या शाळेचा खर्च तेव्हाच अंगावर येतो, आणि अडलेल्या घराला झाड विकायची बुद्धीही तेव्हाच होते. या भागाला अशा कराराची अगदीच ओळख नव्हती असं नाही. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वराकडे खासगी जंगलमालकांशी संवर्धनाचे करार केलेले आहेत, आणि बेहड्याच्या फळांना औषधी बाजार मिळवून देऊन उभं झाड मालकाच्या उपयोगाचं केलं आहे. मला हा मार्ग सगळ्यांत टिकाऊ वाटतो. सात एकरांत धनेश मावत नाही. तो खोरंभर फिरतो, त्यामुळे हद्दीच्या आतलं रान कितीही नीट राखलं तरी शेजाऱ्यांच्या राजीखुशीशिवाय ते अपुरंच राहतं.

पहिली दोन वर्षं : काही न लावणं

खरेदी झाल्यावर नातेवाइकांनी रोपं आणायला सुरुवात केली. गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प. सगळी परत पाठवली. लोकांना राग आला, पण जिथे जमिनीत जिवंत बुंधे आणि बी आहे तिथे रोप लावणं हे बहुधा लावणाऱ्याच्या समाधानासाठी असतं.

तोडलेल्या वरच्या हिश्शात काम होतं ते विरळणीचं. एकेका बुंध्याला दहा-बारा फुटवे एकमेकांशी झगडत होते. त्यांतले जमिनीलगत फुटलेले, सरळ आणि जोमदार असे एक-दोन ठेवले, बाकीचे हिवाळ्यात कोयत्याने छाटले. झाडाचं सगळं बळ एका खोडात गेलं की छत्र लवकर मिळतं, आणि छत्र मिळणं महत्त्वाचं, कारण रानमोडी उन्हावर जगते. तिच्यावर सावली धरली की ती आपोआप मागे हटते. तोवर ती उपटत राहावं लागतं. योग्य वेळ पावसाळ्यातली. माती मऊ असते, मूळ अलगद निघतं, आणि फुलायला अजून अवकाश असतो. हिवाळ्यात ती फुलून तिचं पिसासारखं बी वाऱ्यावर उडालं की वर्षाची मेहनत फुकट. नुसती कापली तर दुप्पट फुटते, जाळली तरी फुटते.

घाणेरीला घाई केली नाही. तिच्या जाळीत भेकर दिवसा बसतं आणि रानकोंबडा लपतो. ती सगळी एकदम काढली तर तणाबरोबर आसराही जातो. म्हणून दर वर्षी थोडा तुकडा, मुळाच्या गाठीखाली तोडून आणि बुंधा उलटा टांगून, आणि त्या जागी करवंद-तोरण धरेपर्यंत पुढचा तुकडा नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात पऱ्याच्या वरच्या अंगाला वडाच्या आणि नांद्रुकीच्या जाड फांद्या रोवल्या. लागवड एवढीच. त्यांतल्या निम्म्याहून कमी जगल्या, त्या पुरेशा आहेत.

वणवा

या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट एकच होती, आणि ती सड्यावरून येत होती. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. कवळ, गवत, शेण अंथरून उन्हाळ्यात शेताचा तुकडा जाळायचा, ही भाजावळ. शेताच्या बांधावर ती विझली तर प्रश्न नसतो. दुपारच्या वाऱ्यात एक ठिणगी सड्यावरच्या वाळल्या गवतात पडली की आग माथ्यावरून रानात उतरते. शिवाय फाल्गुनात ऐन-किंजळ पानं गाळतात, त्यामुळे जमिनीवर हातभर पाचोळा तयारच असतो. मोठी झाडं जळत नाहीत. जळतात ती रोपं, सरडे, जमिनीवरची घरटी आणि फुटव्यांचे कोंब, आणि राखेत पहिली उगवते ती रानमोडीच.

पहिल्या उन्हाळ्यात आग वरच्या हिश्शात शिरली. बहिणींचा पहिला विचार तक्रार करण्याचा होता. तक्रार केली असती तर पुढच्या वर्षी आग लावणारा कोण हे कुणालाच कळलं नसतं, आणि विझवायला कुणी आलं नसतं. त्याऐवजी दिवाळीनंतर वाडीत बसून ठरलं ते असं. सडा जिथे रानाला भिडतो तिथे दहा फूट रुंद जाळरेषा पौषात कापायची, फाल्गुनात पानं पडल्यावर ती पुन्हा झाडून घ्यायची, आणि दोन्ही काम वाडीतल्याच लोकांना रोजंदारीवर द्यायचं. सड्यालगतच्या शेतकऱ्यांनी भाजावळ सकाळी, वारा उठायच्या आत करायची आणि आदल्या दिवशी सांगायचं. त्या वेळी चार माणसं हिरव्या फांद्यांचे टाळ आणि पाण्याचे पंप घेऊन रेषेवर उभी राहतील, त्यांचा रोज बहिणी देतील. वरच्या अंगाला ज्यांच्या काजूच्या बागा आहेत तेही यात आले, कारण वणव्याने त्यांचंही नुकसान होत होतं.

तेव्हापासून आग दोनदा रेषेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. या रानावर होणाऱ्या वार्षिक खर्चातला सर्वांत मोठा वाटा या रेषेचा आहे, आणि जो कुणी असं रान घेईल त्याने झाडांच्या किमतीआधी हा खर्च धरावा. खरेदी एकदाच करायची असते, जाळरेषा दर वर्षी कापायची असते.

फाटी, गुरं आणि गडगा

वाडीतल्या बायका या रानातून फाटी नेत होत्या. गॅस आला तरी पाणी तापवायला, भाकरीला चूल पेटते. पूर्ण बंदी घातली असती तर रात्रीची तोड सुरू झाली असती. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतचं पडलेलं वाळकं लाकूड न्यायचं, त्याहून जाड ओंडका जागीच कुजू द्यायचा, आणि उभं वाळलेलं झाड मुळीच पाडायचं नाही, असा नियम ठरला. उभं वाळलेलं झाड लोकांना वाया गेलेलं वाटतं. सुतार पक्षी त्यातच भोक पाडतो, आणि त्याने सोडलेल्या भोकात पुढे मैना, पोपट, पिंगळा राहतात. बायकांना हे सांगावं लागलं नाही. कुठल्या खोडात पोपटाची पिल्लं असतात हे त्यांनीच दाखवलं.

तारेचं कुंपण घातलं नाही. काटेरी तारेत भेकर अडकतं, आणि तार चोरीला जाते ते वेगळंच. ज्या बाजूने मोकाट गुरं शिरत त्या बाजूचा जुना दगडी गडगा तेवढा नीट रचून घेतला. बाकी हद्दीवर दगड आणि झाडांना रंगाचे पट्टे.

राहायचं कुठे

बहिणींमध्ये खरा मतभेद झाला तो इथे. धाकटीला रानात एक खोली हवी होती, निदान पत्र्याची शेड. सड्याखाली जुन्या मांगराचं, म्हणजे शेतातल्या खोपटाचं, जोतंही होतं. थोरलीचा आग्रह होता की आत काहीच नको. मी थोरलीच्या बाजूचा होतो आणि आहे. खोली आली की वीज येते, विजेमागून दिवा येतो, पाण्याची टाकी, मोटार, रस्ता. रात्रीचा एक दिवा पुरतो, रानाच्या त्या बाजूची वर्दळ बदलते. शिवाय जंगल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनीत बांधकामाच्या परवानगीचा गुंता वेगळाच.

तोडगा निघाला तो असा. वाडीतल्या एका घराची रिकामी पडवी त्यांनी भाड्याने घेतली. तिथेच जेवणखाण. घरमालकिणीला पैसे मिळतात, आणि बहिणी नसताना रानात कोण गेलं-आलं हे तिला आधी कळतं. मुलांसाठी तंबू लागतो तो सड्याच्या कडेला, मोठ्या झाडांखाली कधीच नाही, कारण वाऱ्याशिवायही जुनी फांदी तुटते. माघापासून पाऊस पडेपर्यंत शेकोटी नाही. अंधार पडल्यावर विजेरी आणि बूट सक्तीचे. फुरसं हा विषारी साप या भागात भरपूर आहे, रंगाने पाचोळ्यासारखंच, आणि तालुक्याच्या रुग्णालयात पोचायला वेळ लागतो. म्हणून रुग्णालयाचा क्रमांक आणि वाडीतल्या गाडीवाल्याचा क्रमांक पडवीच्या भिंतीवर लिहिलेला आहे. धाकटीने ही गोष्ट पहिल्याच दिवशी केली.

वाट एकच ठेवली, उताराला आडवी, जनावरांच्या जुन्या मळलेल्या वाटेवरून. रान मोठं नसलं की दोन वाटांनी त्याचे तीन तुकडे होतात, आणि कुठल्याच तुकड्यात जनावराला माणसापासून लांब राहता येत नाही. पऱ्याच्या पलीकडचा भाग पूर्ण सोडला. तिथे मालकिणीही जात नाहीत. आणि बेहड्याकडचा फाटा माघ ते वैशाख बंद. धनेशाची मादी त्या काळात ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लाला भरवतो. खाली माणसं उभी राहिली की नर येत नाही, आणि आत दोन जीव त्याच्यावर अवलंबून असतात. फोटोसाठी आलेल्या पाहुण्यांना ओळखीपाळखी असूनही परत पाठवलं गेलं आहे, आणि ते योग्यच झालं.

पऱ्यालगत लावलेल्या कॅमेऱ्यात साळिंदर, उदमांजर, रानडुक्कर, भेकर नियमित येतात. बिबट्या अधूनमधून जातो. एका पावसाळ्यात खवले मांजर आलं. त्याचा फोटो आजवर कुणाच्याही मोबाइलवर पाठवलेला नाही. खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते आणि एक फोटो जागेचा पत्ता होऊ शकतो. वनखात्याला कळवलं, बास.

ढोलीत धनेश बसला का, हे लोक मला विचारतात. दोन वर्षं रिकामी गेली, गेल्या हंगामात ककणेर जातीच्या धनेशाची जोडी बसली. यंदाचं अजून ठरायचं आहे.

पुढचं

बेहड्याच्या कराराची पाच वर्षं पुढच्या पावसाळ्यात संपतात. शेजाऱ्याचा मुलगा मुंबईहून परत आला आहे आणि त्याला त्या पट्टीत काजू लावायचा आहे. बोलणी चालू आहेत. बेहडा आणि त्याभोवतीची सावली सोडून उरलेल्या भागात काजू लावावा, त्याच्या रोपांचा आणि जाळरेषेचा खर्च बहिणींनी उचलावा, असा प्रस्ताव थोरलीने ठेवला आहे. तो मान्य होईल असं वाटतं.

दुसरा प्रश्न वारशाचा. दोघींच्या पश्चात सातबाऱ्यावर पुन्हा चार-पाच नावं चढतील आणि विक्रीला पुन्हा तोंड फुटेल. मृत्युपत्रात रान एकाच भाचीच्या नावे करायचं ठरलं आहे, जी दर शिमग्याला येते आणि जाळरेषेवर उभी राहते. इतर भाचरांना त्याच्या बदल्यात पुण्यातला वाटा. विश्वस्त संस्था काढण्याचाही विचार झाला, पण एवढ्याशा रानासाठी संस्था चालवायला माणसं मिळत नाहीत. मृत्युपत्राचा मसुदा वकिलाकडे आहे. त्यात झऱ्याच्या पाइपाचं कलम पुन्हा घालायला थोरलीने सांगितलं आहे.